पंख्याला हात लावण्यापूर्वी: उन्हाळी तयारीची यादी

आपल्याकडे पंख्याचे काम होळीच्या आधी उरकावे. अकोला-चंद्रपुराकडे पारा 45 अंशांच्या पुढे गेल्यावर, नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), कवेलूखाली किंवा टिनाखाली शिडीवर उभे राहून नट पिळणे जिवावरचे असते, आणि त्या दिवसांत गावातला वायरमनही सापडत नाही. ही यादी मी मागच्या वर्षी केलेल्या एका चुकीमुळे लिहीत आहे.

शिडी, ती धरणारा माणूस, पक्कड, पेचकस, टेस्टर, इन्सुलेशन टेप आणि कोरडी रबरी चप्पल ही सामग्री सर्वांना ठाऊक आहे. ओल्या हाताने काम करू नये, हेही.

आता मुख्य गोष्ट. घरात इन्व्हर्टर असेल, तर मेन पाडल्याने पंख्याचा प्रवाह बंद होत नाही. उलट, मेन पडताच इन्व्हर्टरला लाइन गेली असे वाटते आणि तो क्षणभरात बॅटरीवरून त्याच पंख्याला प्रवाह देऊ लागतो. भारनियमनात पंखा फिरत राहावा म्हणूनच तर आपण तो घेतलेला असतो. मागच्या चैत्रात मी मेन पाडला, शिडीवर चढलो, वरची वाटी खाली सरकवली आणि वायरीचा जोड उघडला. त्याच वेळी आई ओसरीवरून म्हणाली, "मेन पाडला म्हन्तं, मंग आतला बल्ब कसा काय जळून राह्यला?" तिचे वाक्य पूर्ण होण्याआधी माझा अंगठा उघड्या तारेला लागला होता. हात झटकला गेला, पक्कड सुटली आणि खाली बाजेवर पडली. त्याच बाजेवर दहा मिनिटांपूर्वीपर्यंत माझी पुतणी झोपलेली होती. भावाने शिडी घट्ट धरली नसती, तर मीही खाली आलो असतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम घरातले सर्व दिवे आणि पंखे सुरू करावेत. मग इन्व्हर्टरचे बटण बंद करावे आणि त्यानंतर मेन पाडावा. केवळ इन्व्हर्टर बंद करूनही भागत नाही, कारण बहुतेक यंत्रांत बटण बंद असले तरी बाहेरची लाइन तशीच पुढे जात राहते. दोन्ही बंद झाल्यावर घरातले सगळे विझले पाहिजे. एकही बल्ब जळत राहिला, तर तो पोटात बॅटरी असलेला चार्जिंगचा बल्ब आहे की लाइनवरचा, याची खात्री होईपर्यंत शिडीवर पाय ठेवू नये. बॅटरी 12 व्होल्टची, तिच्याने काय होणार, असे म्हणणारे अनेक भेटतात. बॅटरी 12 व्होल्टची असली, तरी इन्व्हर्टरमधून निघणारा प्रवाह 230 व्होल्टच्या आसपासचा असतो. पंख्याचे बटण बंद आहे, यावर तर मुळीच विसंबू नये, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण पुष्कळदा फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेले सापडते. टेस्टरही आधी चालू लाइनवर पेटवून पाहावा आणि मगच बंद तारेला लावावा. बिघडलेला टेस्टर न पेटता खोटा धीर देतो.

यानंतर हुक. स्लॅबमध्ये सळईला अडकवून ओतलेला हुक असेल, तर गंज तेवढा पाहावा. कवेलूच्या घरात पंखा लाकडी मयालीला (तुळईला) असतो, तिथे मात्र लाकूड टोचून पाहावे. वरून धड दिसणारी मयाल आतून वाळवीने पोकळ झालेली असते. पंखा चार-पाच किलोंचा असला, तरी फिरताना तो हुकाला सतत हिसके देतो. म्हणून वीस-पंचवीस किलोंचे धान्याचे पोते काही वेळ टांगून पाहावे आणि खाली कोणाला बसू देऊ नये. पाती जमिनीपासून निदान 2.4 मीटर उंच हवीत. उतरत्या छपराच्या बाजूला पात्याचे टोक वाशाला लागते का, हे हाताने फिरवून पाहावे.

कापूस घरात भरला असेल, तर पंख्याची सफाई हे वेगळे काम आहे. तंतू पात्याच्या पुढच्या कडेला आणि मोटरच्या वरच्या फटीत बसतात, धूळ व तेलकटपणा धरून त्यांची नमद्यासारखी गादी होते आणि मोटर तापू लागते. जुनी उशीची खोळ पात्यावर चढवून हलकेच ओढावी, म्हणजे कचरा खोळीतच राहतो. पाते जोराने दाबू नये, कारण वाकले की पंखा डुलू लागतो. एका पंख्याची पाती दुसऱ्याला लावू नयेत. आणि ही सफाईदेखील इन्व्हर्टर व मेन दोन्ही बंद करूनच करावी, कारण फडके हातात घेताना विजेचा विचार कोणी करत नाही.

पंखा मंद फिरत असेल, तर लगेच कंडेन्सर (मोटर फिरवायला मदत करणारा कपॅसिटर) आणायला धावू नये. फक्त संध्याकाळी मंद होत असेल आणि बल्बही पिवळा पडत असेल, तर व्होल्टेज कमी आहे. दिवसभर मंद असेल आणि हाताने ढकलल्यावरच फिरत असेल, तर बहुधा कंडेन्सर गेला आहे. जुन्यावर छापलेला आकडा, साधारण 2.5 मायक्रोफॅरड, पाहून तसाच घ्यावा. जास्त आकड्याचा घालून वेग वाढवण्याचा सल्ला ऐकू नये, त्याने वाइंडिंग तापते. इन्व्हर्टरवर पंखा घूं करत असेल, तर तो बहुधा स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत लहर नसलेल्या विजेचा आवाज असतो. त्यासाठी पंखा उघडू नये.

नवा पंखा घ्यायचा तर 1 जानेवारी 2023 पासून वीजबचत दाखवणारी ताऱ्यांची पट्टी सक्तीची आहे, ती पाहावी. बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा साधारण 30 वॅटमध्ये चालतो, जुना 75 घेतो, म्हणजे बॅटरी बरीच जास्त वेळ पुरते. मात्र त्याच्या लाइनवरचा जुना रेग्युलेटर काढावाच लागतो.

बसवताना वरची वाटी रॉडमध्ये आधी ओवावी. बोल्टला नट, नटापुढे पिन, पिनेची दोन्ही टोके वाकवलेली. अर्थिंग जोडावे. डुलत असेल तर पात्यांचे स्क्रू पाहावेत.

आठ दिवसांनी सर्व नट पुन्हा आवळावेत. त्या वेळीही आधी इन्व्हर्टर, मग मेन, मग टेस्टर.