कम्युनिटी कॉलेजात स्पॅनिश शिकताना मराठी कामी आली

नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात आले, तेव्हा माझ्या एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) मला काम करता येत नव्हतं. शिकता मात्र येतं, आणि त्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं. ज्या नुकत्याच आल्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कॅलिफोर्नियात ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत. प्रवेशासाठी चढाओढ नाही, आणि वर्गात अठरा वर्षांच्या मुलाशेजारी निवृत्त आजोबा बसलेले दिसतात. फी युनिटवर, म्हणजे विषयाच्या श्रेयांकांवर ठरते. राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर. स्पॅनिशची पहिली पायरी बऱ्याच कॉलेजांत पाच युनिटची असते, म्हणजे २३० डॉलर आणि वर किरकोळ शुल्क. पण रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, शिवाय इथेच राहायचं आहे हे दाखवणारे कागद लागतात: ड्रायव्हिंग लायसन्स, कर भरल्याचे पुरावे. मी चौथ्याच महिन्यात अर्ज केला आणि बिल कित्येक पटींनी आलं. वर्ष भरेपर्यंत थांबले. तुम्ही आल्या दिवसापासून कागद जपून ठेवा.

पुस्तकातही पैसे गेले. स्वस्त म्हणून जुनं पुस्तक घेतलं, पण गृहपाठ ऑनलाइन होता आणि त्याचा कोड आधीच्या मालकाने वापरून टाकलेला. कोड वेगळा घ्यावा लागला. वर्ग निवडताना वेळापत्रकात पुस्तकाचा खर्च नसलेल्या वर्गांची खूण असते, ती आधी शोधा.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या आठवड्यात मला वाटत होतं की मीच सगळ्यांत मागे पडणार. मग 'मे गुस्ता', म्हणजे 'मला आवडतं', आलं. अमेरिकन मुलं अडखळली, कारण इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये आवडलेली वस्तू क्रियापद चालवते: मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. अगदी आपलंच! त्या दिवसापासून मी इंग्रजीतून अर्थ लावणं सोडलं आणि वहीत सरळ मराठी लिहायला लागले.

मग दारं उघडतच गेली. 'तू' आणि 'उस्तेद' म्हणजे आपले तू आणि तुम्ही. भूतकाळाचे दोन प्रकार वर्गाला महिनाभर छळत होते; मला 'कोमी' म्हणजे 'खाल्लं' आणि 'कोमीआ' म्हणजे 'खायचे' एवढं पुरलं. काल आमरस खाल्ला, लहानपणी मे महिन्यात रोज खायचे. उच्चारातही त आणि द आपल्यासारखे दातांवरचे, त्यामुळे बाईंनी पहिल्याच तोंडी परीक्षेत विचारलं की मी आधी कुठे शिकले होते का.

जिथे मराठी मदत करत नाही तिथे मात्र जास्त घोटावं लागतं. आपलं एकच 'आहे' तिथे सेर (त्याचं रूप 'सोय') आणि एस्तार (त्याचं रूप 'एस्तोय') अशा दोन क्रियापदांत दुभंगतं. 'एस्तोय आबुर्रिदा' म्हणजे मला कंटाळा आलाय, 'सोय आबुर्रिदा' म्हणजे मी कंटाळवाणी आहे. नपुंसकलिंगी नामं नाहीत, पण 'दीआ' पुल्लिंगी आणि 'मानो' स्त्रीलिंगी हे पाठच करावं लागतं. 'पेरो' म्हणजे पण, आणि र घोळवून म्हटलेलं 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. तो र मी भांडी घासताना घोटला.

वेळेचा हिशेब आधी करा. पाच युनिट म्हणजे आठवड्याला पाच तास वर्ग आणि घरी साधारण दहा तास. लहान मूल असेल तर त्या सत्रात दुसरा विषय घेऊ नका. पहिली पायरी शक्यतो प्रत्यक्ष वर्गात करा. मी दुसरी पायरी पूर्ण ऑनलाइन केली, गुण चांगले मिळाले, पण तीन महिने तोंडातून वाक्य निघालं नाही. वर्ग भरलेला दिसला तरी प्रतीक्षा यादीत नाव घाला आणि पहिल्या दिवशी हजर राहा; पहिल्या आठवड्यात बरेच जण गळतात, मलाही जागा तशीच मिळाली.

प्राध्यापकांच्या भेटीच्या राखीव वेळा असतात, त्यांना जाच. मी दर गुरुवारी वीस मिनिटं बाईंशी फक्त बोलायला जायची. एकदा त्यांनी पुरणपोळी कशी करतात ते स्पॅनिशमध्ये विचारलं. पुरण वाटण्यापर्यंत आले आणि 'वाटणे' अडलं. त्यांनी 'मोलेर' हा शब्द फळ्यावर लिहिला, आणि आम्ही पुढे पोळी लाटायला लागलो.