जुनी अल्फा कारखान्यातून निघाली तशी करायची असेल, तर या चुका टाळा

अल्फा रोमिओ या इटालियन कंपनीची जुलिया स्प्रिंट जीटी ही मोटार १९६३ साली आली. बर्तोने या गाड्यांच्या बॉडी घडवणाऱ्या संस्थेत असताना जोर्जेत्तो जुजारो यांनी तिची रेखाकृती केली आणि मिलानजवळच्या आरेसे येथील कारखान्यात ती तयार होऊ लागली. तिच्याच सांगाड्यावर पुढे जीटी १३०० ज्युनिअर, १७५० जीटीव्ही आणि २००० जीटीव्ही आल्या. पत्र्याचे काम मी कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनीवर शिकलो आणि गेली अनेक वर्षे इटलीच्या लोम्बार्दी प्रांतातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये याच अल्फा दुरुस्त करतो आहे. दर हिवाळ्यात एखादी तरी गाडी अर्धवट उघडलेल्या अवस्थेत आमच्याकडे येते, आणि तिच्यावर झालेल्या चुका बहुतेक वेळा आधीच्या गाडीसारख्याच असतात.

पहिली चूक हातात पाना घेण्यापूर्वीच होते, ती म्हणजे गाडी मुळात कशी होती हे न शोधता तिला मूळ रूप देण्याची घाई करणे. अल्फाच्या आरेसे येथील दस्तऐवज केंद्राकडून चेसिस क्रमांकावरून मूळ नोंदी मिळू शकतात. गाडी केव्हा तयार झाली आणि कोणत्या रंगात बाहेर पडली हे त्यांतून कळते. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाची चिठ्ठी असे, आणि ती शाबूत असेल तर तिच्याइतका चांगला साक्षीदार नाही. ही चिठ्ठी सँडपेपरने घासून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. लाल अल्फा विकायला सोपी जाते म्हणून फिकट पांढरी किंवा गेरूसारखी पिवळी गाडी लाल करणाऱ्याने ती जरूर करावी, पण मग ‘मूळ स्थितीतली’ हा शब्द तिच्यासाठी वापरू नये.

आता सिलबद्दल, म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पत्र्याच्या पेटीबद्दल. या गाडीला वेगळी चौकट नाही. बॉडीचा ताण ही पेटीच पेलते, आणि ती बाहेरचा, मधला व आतला अशा तीन पत्र्यांची बनलेली आहे. पुढच्या मडगार्डमागे चिखल साचतो, ओल आत उतरते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या पत्र्यावर फोड दिसू लागतो तेव्हा मधला पत्रा बहुतेक गेलेला असतो. तरीही नवशिक्या माणूस बाहेरचा पत्रा विकत घेतो, जुन्यावर चढवतो, वेल्डिंग करतो आणि काम झाले असे समजतो.

तीन हिवाळ्यांपूर्वी एक ज्युनिअर आमच्याकडे आली. मालकाने ती ‘संपूर्ण पुनर्बांधणी केलेली’ म्हणून घेतली होती आणि तिच्या रंगात चेहरा दिसत होता. तक्रार एवढीच होती की चालकाचे दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही. मी दाराच्या मागच्या कडेची फट मोजली, तर ती वर २ मिलिमीटर आणि खाली ९ मिलिमीटर भरली. सिलवर लोहचुंबक लावला तर तो अर्ध्या लांबीत चिकटलाच नाही, कारण तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली होती. ही पुट्टी काढल्यावर एकावर एक असे दोन बाहेरचे पत्रे निघाले आणि त्यांच्या आत तांबड्या भुग्याशिवाय काही उरले नव्हते. आधीच्या कारागिराने दोन्ही बाजू एकाच वेळी कापल्या होत्या, गाडी पुढे आणि मागे टेकूंवर उभी होती आणि दारांच्या चौकटीत आडवा आधार दिलेला नव्हता. गाडी मध्ये खचली, खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकले आणि त्याच स्थितीत नवा पत्रा कायमचा जोडला गेला. आम्हाला ते सगळे कापून, बॉडी ओढून सरळ करून पुन्हा बांधावे लागले. त्यात पाच आठवडे गेले आणि तो आरशासारखा रंग पूर्ण वाया गेला.

माझी पद्धत संथ आहे, पण मी ती बदलणार नाही. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या नळ्या वेल्ड करतो, बिजागऱ्यांची झीज काढतो आणि दार जागेवरच ठेवतो. एका वेळी एकच बाजू उघडतो, तीही आतल्या पत्र्यापासून बाहेर अशा क्रमाने, आणि वेल्डिंगच्या दर चार-पाच ठिपक्यांनंतर दार लावून फट मोजतो. रंगाच्या आधी काचा, दिवे, बंपर आणि बॉनेट एकदा पूर्ण बसवून पाहतो.

बॉनेटवरून एक सांगायला हवे. सुरुवातीच्या गाड्यांत बॉनेटची पुढची कड नाकाच्या पत्र्यापेक्षा किंचित उंच असते. इटलीत तिला ‘स्कालिनो’ म्हणजे पायरी म्हणतात. तो बसवण्यातला दोष समजून काही पेंटर पुट्टी भरून ती सपाट करतात. कृपया करू नका.

पुढची चूक इंजिनातली, आणि ती अवघ्या अर्ध्या मिनिटात होते. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असून त्यात बिडाचे ओले लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत वर-खाली होतात ती नळकांडी, बसवलेली असतात; ओले म्हणजे त्यांच्याभोवती थेट पाणी फिरते. हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, आवळलेले असते तोवर लायनर दाबून राहतात. हेड काढले की त्यांना खाली धरून ठेवणारे काहीच उरत नाही. अशा वेळी पिस्टन वर आणण्यासाठी कोणी क्रँकशाफ्ट फिरवला, तर पिस्टनबरोबर लायनर केसभर उचलला जातो आणि तळाच्या सीलचा बसलेला ठसा मोडतो. वरून काहीही दिसत नाही. गॅस्केट नवे, हेड घासून सपाट केलेले, सगळे नीट जोडले जाते, आणि काही दिवसांनी तेलात पाणी मिसळून ते कॉफीच्या रंगाचे होते. मग दोष गॅस्केटला दिला जातो, पुन्हा हेड उघडले जाते आणि पुन्हा क्रँकशाफ्ट फिरवला जातो. एका गृहस्थाने असे तीनदा केल्यावर इंजिन खोक्यात घालून आमच्याकडे आणले.

हेड निघाल्याबरोबर मी स्टडवर, म्हणजे हेड आवळायच्या उभ्या बोल्टांवर, नळीचे तुकडे आणि जाड वॉशर घालून नट हलके आवळतो, म्हणजे चारही लायनर दबलेले राहतात. शंका असेल तर लायनर काढून नव्या सीलवरच बसवतो आणि ते ब्लॉकच्या पातळीच्या किती वर राहतात ते डायल गेजने मोजतो. हा हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, त्यामुळे बोट फिरवून घेतलेला अंदाज चालत नाही. हेड स्टडवर अडकले असेल तर छिन्नी घालू नये. गंज सोडवणारे तेल रोज ओतून आठवडाभर थांबावे. ज्याला आठवडाभर थांबवत नाही, त्याने या गाडीला हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्ब्युरेटरविषयी थोडक्यात सांगतो. इंजिन अडखळले की लोक लगेच वेबर कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारे बारीक छिद्रांचे तुकडे, बदलू लागतात. आधी व्हॉल्व्हची फट, मग इग्निशनचे टायमिंग, मग कार्ब्युरेटरमागचे रबरी माउंट तपासावेत. ते चिरले की तिथून हवा आत जाते आणि कोणताही जेट ती भरून काढू शकत नाही.

चकाकीचा सोस हीदेखील चूकच आहे. कारखान्याने जस्ताचा मुलामा दिलेल्या नटबोल्टवर क्रोम चढवू नये. पुढचा बिल्लाही तपासावा, कारण ‘मिलानो’ हा शब्द १९७२ च्या सुमारास त्यावरून गेला आणि त्यानंतरच्या गाडीवर तो शोभत नाही. साध्या १२९० सीसीच्या ज्युनिअरला जीटीए, म्हणजे शर्यतीसाठीची हलकी आवृत्ती, बनवण्याचा मोह तर अनेकांना होतो. खऱ्या जीटीएचे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमचे होते आणि तिच्या प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग होते. चार पानांचे चिन्ह चिकटवून ती तयार होत नाही, आणि एक चांगली ज्युनिअर मात्र कमी होते.

जोडणी संपल्यावर सुटे जुने भाग लगेच भंगारात देऊ नका. मी ते नावाच्या चिठ्ठ्या लावून निदान वर्षभर ठेवतो, कारण बाजारात मिळणारा नवा भाग अनेकदा दोन मिलिमीटरने चुकलेला असतो आणि तो कुठे घासायचा हे जुना भाग समोर ठेवल्यावरच कळते. गाडी पहिले हजार किलोमीटर चालली की इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे आणि सकाळी हेडचे नट कारखान्याच्या पुस्तकातल्या क्रमाने पुन्हा आवळावेत.