'डॉक्टर हू' ऐकायचंय? इथून सुरुवात करा

'डॉक्टर हू' ही काळप्रवास करणाऱ्या 'डॉक्टर'ची ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका टीव्हीवर १९६३मध्ये सुरू झाली, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सगळं पाहायच्या-ऐकायच्या भानगडीत पडू नका. बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीने काढलेल्या 'डॉक्टर हू'च्या श्रुतिकांमधली २००१ची 'स्टॉर्म वॉर्निंग' घ्या. १९३०ची 'आर १०१' ही ब्रिटिश हवाईनौका (एअरशिप), वादळ आणि पॉल मॅकगॅनचा आठवा डॉक्टर (डॉक्टर रूप बदलतो, त्याचं हे आठवं रूप). टीव्हीवर मुख्य भूमिकेत तो १९९६च्या एका चित्रपटातच झळकला. खरा फुलला तो केवळ आवाजातून! मागचं काही ठाऊक नसलं तरी अडत नाही.

हेडफोन मात्र हवेतच. फोंडा-पणजी बसमध्ये ऐकलं, तर हॉर्नमध्ये अर्धे संवाद गेले. मग एका रात्री पाऊस ओसरल्यावर, बाहेर पागोळ्या ठिबकत असताना, दिवा मालवून पुन्हा ऐकलं. अंगावर काटा आला. एका बैठकीला एकच भाग ऐका.