बेसिनखाली पाणी गळतंय? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

बेसिनखाली ओल दिसली की बहुतेक घरांत पहिली धाव एम-सीलकडे असते. दोन पुड्या मळायच्या, सांध्यावर थापायच्या आणि खाली बादली सरकवून ठेवायची. चार दिवस बरं जातं, मग त्याच लेपाच्या कडेतून पुन्हा थेंब सुरू होतो. ओल्या, साबणाने बुळबुळीत झालेल्या पाइपला एम-सील नीट धरतच नाही. शिवाय सांध्यातलं पाणी अडवण्याचं काम आतल्या रबरी वॉशरचं असतं. ते सरकलं किंवा कडक झालं असेल तर बाहेरून कितीही लिंपलं तरी फरक पडत नाही. उलट पुढच्या वेळी तो नट फिरत नाही, कापावा लागतो आणि दहा मिनिटांचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. गळका सांधा उघडायचा, साफ करायचा आणि पुन्हा बसवायचा. नवशिक्यालाही हे जमतं, फक्त नेमका कुठला सांधा उघडायचा ते आधी कळायला हवं.

थेंब पडतो ती जागा म्हणजे गळती नव्हे

पाणी पाइपवरून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून पडतं. म्हणूनच बॉटल ट्रॅपच्या, म्हणजे बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागाच्या बुडाशी थेंब दिसला की लोक ट्रॅप बदलतात, आणि गळती वर कपलिंगपाशी, म्हणजे बेसिनच्या भोकातल्या जाळीच्या तुकड्यापाशी तशीच राहते.

आधी सगळे पाइप वरपासून खालपर्यंत कोरडे पुसा. प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळा, जमिनीवर वर्तमानपत्र पसरा. नळ न उघडता दहा-पंधरा मिनिटं थांबा. एवढ्यातच पेपर भिजला तर दोष सांडपाण्याच्या पाइपचा नाही. नळाला पाणी आणणारा कनेक्शन पाइप किंवा तो जिथून निघतो तो भिंतीवरचा छोटा कॉक, म्हणजे अँगल कॉक, बघा.

कोरडा राहिला तर बेसिनचं भोक बंद करून पाणी भरा. बूच नसेल तर जाळीवर प्लास्टिकची पिशवी पसरली तरी पाणी बऱ्यापैकी अडतं. त्यात निळीचे दोन-चार थेंब टाका. टिश्यूवर निळा डाग उमटला की ते बेसिनमधलंच पाणी, हे नक्की. पाणी नुसतं साठलेलं असताना गळलं तर कपलिंगची बैठक तपासा. साठलेलं असताना कोरडं आणि एकदम सोडल्यावर ओलं, तर बहुधा ट्रॅप, त्याचे नट किंवा पुढचा वेस्ट पाइप. शेवटी नळाच्या बुडाशी मगभर पाणी ओतून बघा. नळाखालची रबरी गादी गेलेली असेल तर तिथून उतरणारं पाणी हुबेहूब ड्रेनच्या गळतीसारखं दिसतं.

जाळीभोवती सिलिकॉन लावून थांबू नका

या चुकीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ती समंजस माणसांकडूनही होते. वेस्ट कपलिंग म्हणजे वर जाळी असलेला, आटे पाडलेला नळीसारखा तुकडा. तो बेसिनच्या भोकातून खाली उतरतो आणि खालून वॉशर व चेक नटने आवळला जातो. बेसिनच्या वरच्या कडेजवळ जास्तीचं पाणी जाण्यासाठी छोटं भोक असेल, तर कपलिंगच्या अंगालाही खाचा असतात. त्या भोकात शिरलेलं पाणी चिनीमातीच्या आतल्या पोकळीतून येऊन या खाचांतून कपलिंगमध्ये पडतं.

म्हणजे कपलिंग आणि बेसिन यांच्यामधल्या फटीत पाणी असणारच, तशी रचनाच आहे. ते आट्यांवरून खाली उतरू नये याची जबाबदारी फक्त खालच्या वॉशरची. वरून जाळीभोवती कितीही सिलिकॉन भरलं तरी या वाटेने येणारं पाणी थांबत नाही.

त्यासाठी ट्रॅप सोडवा, चेक नट सैल करा आणि वॉशर खाली ओढून हातात घ्या. बोटांनी दाबून बघा. चांगलं रबर दबतं आणि लगेच मूळ आकाराला येतं. जुनं वॉशर शिळ्या भाकरीसारखं कडक झालेलं असतं आणि वाकवलं की कडेला बारीक चिरा दिसतात. असं वॉशर परत बसवू नका. बेसिनच्या भोकाची खालची कड जुनं सिलिकॉन, पांढरं सिमेंट आणि क्षार काढून स्वच्छ, कोरडी करा. नवं वॉशर निमुळतं असेल तर निमुळती बाजू वर, बेसिनच्या भोकात जाईल अशी ठेवा. वॉशर बसतं तिथल्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे काही वेढे द्या, वॉशरच्या वरच्या बाजूला सिलिकॉनची बारीक रेघ ओढा आणि मग नट आवळा. आवळताना कपलिंग सोबत फिरलं तर सगळी बैठक बिघडते, म्हणून घरातल्या कुणालातरी वरून जाळीत पक्कडीच्या दांड्या अडकवून ते घट्ट धरायला सांगा.

सिलिकॉन लावलं असेल तर 24 तास बेसिन वापरू नका. संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर त्या दिवशी हे काम काढूच नका.

टेफ्लॉन सगळीकडे नको

ट्रॅपमधून भिंतीकडे जाणाऱ्या पाइपचा नट फक्त वॉशर दाबून धरतो, त्याच्या आट्यांतून पाणी अडत नाही. तिथे टेप गुंडाळली तर उपयोग शून्य, शिवाय नट तिरका चढण्याची भीती. पाइपवर आधी नट, मग वॉशर, आणि निमुळती बाजू ट्रॅपच्या तोंडाकडे. वॉशर उलटं बसलं की नवा कोरा ट्रॅपही गळतो. टेप लावायची तिथे मात्र आट्यांच्या टोकाकडून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर नट चढवताना ती गोळा होऊन बाहेर येते.

जोर लावून गळती थांबत नाही

हाताने फिरेल तेवढा नट फिरवा, मग पान्याने साधारण पाव फेरा. तरीही गळत असेल तर वॉशर नीट बसलेलं नाही, उघडून परत बसवा. आणखी पिळलं तर प्लास्टिकचा नट उभा तडकतो. कपलिंगच्या नटावर जोर केला तर बेसिनलाच चीर जाऊ शकते, आणि मग बेसिनच बदलावं लागतं.

अंदाजाने सामान आणू नका

काढलेला भाग पिशवीत घालून सोबत न्या. पुण्यातल्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जा नाहीतर कोपऱ्यावरच्या, काउंटरवरचा पहिला प्रश्न "बत्तीस का चाळीस?" हाच असतो. बेसिनचं कपलिंग सहसा 32 मिलिमीटरचं, स्वयंपाकघरातल्या सिंकचं मोठं. "काका, अगदी असंच द्या, खाचा आहेत तसंच," असं म्हणून जुना तुकडा पुढे केला की दुसरी फेरी पडत नाही. वॉशर दोन घ्या.

पुण्यात ज्या सोसायट्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालतात, तिथे क्षारांचा त्रास जास्त. आट्यांवर पांढरा थर चढतो आणि नव्या वॉशरलाही सपाट जागा मिळत नाही. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. बाथरूमचं ॲसिड वापरू नका, ते पितळ खातं. बेसिनमध्ये ॲसिड ओतायच्या सवयीने चकचकीत दिसणारा ट्रॅपही आतून झिजून शेवटी बारीक भोकातून गळू लागतो. तुंबलेल्या पाइपमध्ये नुकतीच ड्रेन साफ करायची पावडर टाकली असेल तर त्या दिवशी ट्रॅप उघडूच नका. आतलं पाणी कातडी आणि डोळे भाजू शकतं.

ट्रॅप उघडण्याआधी खाली बादली ठेवा आणि ती भरली की पाणी कमोडमध्ये ओता. ट्रॅप काढलेल्या बेसिनमध्ये ते ओतणारे खूप जण असतात. भिंतीतल्या पाइपच्या तोंडात फडकं खुपसा, वास आणि झुरळं दोन्ही थांबतात. दुरुस्ती लांबली तर बादली रोज रिकामी करा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीच्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण आठवडा-दहा दिवसांत होते.

प्लंबरला कधी बोलवायचं

वेस्ट पाइप भिंतीत शिरतो तिथून पाणी उलटं येत असेल तर ती गळती नसून पुढे लाइन तुंबलेली असते. त्या जागी पांढरं सिमेंट भरलं तर पाणी आतल्या आत मुरतं. बेसिनला तडा असेल, पाइप पूर्ण कोरडे असूनही भिंत ओली असेल किंवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी छताला डाग दाखवला असेल, तर हात घालू नका. बेसिन वापरणं थांबवा, सोसायटीच्या ऑफिसात कळवा आणि प्लंबर आला की टिश्यूच्या चाचणीत काय काय दिसलं ते त्याला सांगा, म्हणजे तो नेमकी तीच फरशी उचकटेल.