एच-४ वरच्या लेकीचं अमेरिकेतलं तिकीट काढण्याआधी

ठाण्यात राम मारुती रोडला आमचं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. एच-४ म्हणजे तिथं नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणारा व्हिसा. त्यावर गेलेल्या लेकी-सुनांची अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरायची तिकिटंसुद्धा पुष्कळदा इथले आई-वडीलच काढून देतात. हल्ली काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "तिचा व्हिसा संपलाय, जावईबापूंनी एक्स्टेन्शन टाकलंय. न्यू जर्सीहून डॅलसला बहिणीकडे विमानानं गेली तर अडवतील का हो?"

आधी पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प विसरा. तो अमेरिकेत शिरण्यापुरता असतो. आत किती दिवस राहायचं ते आय-९४, म्हणजे प्रवेशाची सरकारी नोंद, ठरवतो. तिला तो काढून पाठवायला सांगा आणि तारीख स्वतः वाचा. मधे एकदा मुदत वाढून मिळाली असेल तर मंजुरीच्या आय-७९७ए कागदाच्या खालच्या भागात नवा आय-९४ असतो, तो बघा. जावयांचा आय-९४ वेगळा, तिचा वेगळा. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर विमानतळावरचा अधिकारी पुष्कळदा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मुदत देतो. पुढे नवा पासपोर्ट हातात आला तरी आय-९४ ची तारीख आपोआप सरकत नाही. घरात सगळे जावयांच्या मंजुरीकडे डोळे लावून बसतात आणि हिची तारीख गुपचूप निघून जाते. म्हणून मी हे प्रत्येकाला दोनदा सांगते.

तारीख पुढची असेल तर खुशाल तिकीट काढा. तारीख उलटली, पण त्याआधीच आय-५३९, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज, दाखल झाला असेल, तर निकाल लागेपर्यंत तिला तिथं थांबता येतं. मात्र मुदत वाढली असं मंजुरी आल्यावरच म्हणायचं. अशा मुलीनं अर्जाची पोच, म्हणजे आय-७९७सी, छापून जवळ ठेवावी आणि निघण्याआधी अर्ज भरणाऱ्या वकिलाला एक फोन करावा. तारीख उलटली आणि अर्जच नाही, तर मी तिकीट काढत नाही. आधी इमिग्रेशनचा वकील गाठा. मुदत संपून १८० दिवसांवर राहून मग देश सोडला तर तीन वर्षं परत जाता येत नाही, वर्ष उलटलं तर दहा वर्षं. बहिणीकडचं डोहाळजेवण त्यापुढे थांबू शकतं.

विमानतळावर टीएसएची, म्हणजे तिथल्या सुरक्षा खात्याची, माणसं ओळखपत्र आणि तिकिटावरचं नाव जुळवतात, व्हिसाची तारीख बघणं त्यांचं काम नाही. ७ मे २०२५ पासून तिथं रिअल आयडी, म्हणजे केंद्राच्या नियमांत बसणारं लायसन्स किंवा ओळखपत्र, लागतो, पण आपला भारतीय पासपोर्ट चालतो. लायसन्सवर विसंबू नका. एच-४ वाल्यांचं लायसन्स बहुधा आय-९४ च्या तारखेपर्यंतचंच असतं, म्हणजे दोन्ही एकदमच संपतात. पासपोर्ट मूळ प्रत हवा, आणि तो चेक-इनच्या बॅगेत नाही, हातातल्या पर्समध्ये. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसानं नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा असा तिथला कायदाच आहे आणि आय-९४ हा तो पुरावा. टीएसए प्रवाशांच्या याद्या इमिग्रेशन खात्याला देते, अशा बातम्या डिसेंबर २०२५ मध्ये आल्या. त्यामुळे "देशांतर्गत तर आहे, कोण विचारतंय" हे आता मनातून काढून टाका.

नावाचा घोळ आपल्याकडे फार. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये मुलीचं आणि वडिलांचं नाव, आडनाव माहेरचं. आई तिकीट काढायला येते आणि सवयीनं सासरचं आडनाव सांगते. म्हणून मी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवते आणि त्यावरून एकेक अक्षर टाइप करते.

अर्ज लटकलेला असताना ग्वाम किंवा यूएस व्हर्जिन आयलंड्स या अमेरिकेच्याच बेटांची सहल नको, तिथून मुख्य भूमीकडे निघताना इमिग्रेशनची तपासणी होते. नायगारा अमेरिकेच्या बाजूनं बघता येतो, पण बफेलो सीमेला लागून आहे आणि तिथं बॉर्डर पेट्रोल कागद विचारू शकतं. पूल ओलांडून कॅनडात गेली की तो परदेश प्रवास झाला. अर्ज लटकलेला असताना तिला परत आत घेतील, याची हमी कोणी देणार नाही.

तिकीट शक्यतो थेट एअरलाइनकडून आणि प्रवासाच्या किमान सात दिवस आधी काढा. मग २४ तासांत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात, आणि तेवढ्या वेळात वकिलाचं उत्तर येतं.