आयआरसीवर चॅनेल उघडेना, तेव्हा

आयआरसी म्हणजे मजकुरातून गप्पा मारायची जुनी व्यवस्था. तिच्यातल्या लिबेरा.चॅट या नेटवर्कला कनेक्ट व्हायचं, पण प्रोजेक्टच्या चॅनेलात, म्हणजे गप्पांच्या खोलीत, शिरायला गेलं की ‘आधी लॉगिन करा’ असा निरोप. टोपणनाव निकसर्व्हकडे (नेटवर्कची नावनोंदणी सेवा) नोंदवलेलं, ईमेलवर आलेला कोडही टाकलेला! गोम क्रमात होती: पासवर्ड पोचण्याआधीच हेक्सचॅट (आयआरसी वापरायचं ॲप) चॅनेल उघडू बघायचं. नेटवर्क लिस्टमध्ये लॉगिनची पद्धत ‘एसएएसएल’ (जोडणी होतानाच ओळख पटवणारी) केली, पोर्ट ६६९७ ठेवून टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) चालू केलं. आता ओळख आधी पटते, बाकी सगळं नंतर. (१९८८ सालचं आयआरसी, रुसवेफुगवे असणारच.)

आत गेल्यावर ‘कुणी आहे का?’ विचारत बसू नका. थेट प्रश्न टाका, लांबलचक एरर पेस्टबिनवर (मजकूर ठेवायची साइट) ठेवून लिंक द्या आणि विंडो उघडी ठेवा. युरोपातली मंडळी आपल्या दुपारनंतरच कामाला बसतात.