खाऱ्या टाकीतला लव्हाळा

शिरोळला आमच्या उसात लव्हाळा फार. लहानपणी मी तो नुसता वरून उपटायचो, तेव्हा आबा बांधावरनं ओरडायचे, “वरनं उपटून काय उपेग न्हाई, खाली गाठ हाय बघ.” पुढे कोल्हापुरात राजारामपुरीत घरी मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळायला चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी लावली, अडीचशे लिटरची. तिच्यात पहिला एप्टेशिया दिसला तेव्हा मी आबांचं सगळं विसरलो आणि चिमट्यानं तो उपटून काढला. तीन आठवड्यांत त्याच दगडावर अकरा उगवले.

एप्टेशिया म्हणजे छोटं समुद्रफूल. काचेसारखा तपकिरी देठ, वर झुलणाऱ्या बारीक सोंडा. लांबून बघितलं तर माडाचं इवलंसं झाड. सोंडांना डंख असतो, त्यामुळे शेजारचं कोरल आकसत जातं. देठाचा तळ दगडाच्या भेगेत चिकटलेला असतो आणि तिथे राहिलेल्या कणाएवढ्या तुकड्यातून नवं समुद्रफूल तयार होतं. म्हणून कात्री, ब्रश, चिमटा यांतलं काहीही त्याला लावू नका.

मला खरा उपयोग झाला चुन्याचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपण पानाला लावतो तोच पदार्थ. पण टपरीवरची ट्यूब आणू नका, तिच्यात आणखी काय घातलंय ते कळत नाही. शुद्ध पावडर घ्या. दोन चमचे पावडरीत थोडं थोडं आरओचं पाणी घालून दह्याएवढं दाट कालवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण चुना कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. औषधाच्या दुकानातली पाच मिलीची सिरिंज घ्या, तिला एअरपंपाची बारीक नळी जोडा म्हणजे हात टाकीत घालावा लागत नाही.

आता टाकीत पाणी परत आणणारा रिटर्न पंप आणि पाणी हलवणारा वेव्हमेकर बंद करा. पाणी पूर्ण थांबू द्या. नळीचं टोक हळू न्या, धक्का लागला की एप्टेशिया क्षणात भेगेत शिरतो आणि मग अर्धा तास वर येत नाही. टोक त्याच्या मधोमध, तोंडावर धरा आणि चुना अलगद सोडा. खाणं समजून तो स्वतःच ओढून घेतो. आत गेला की वरून आणखी एक थर देऊन त्याला पूर्ण झाका. पंधरा-वीस मिनिटं थांबून पंप चालू करा. एका वेळी पाच-सहाच मारा. चुन्यानं पाण्याचा पीएच चढतो आणि माशांना ते सोसत नाही. मी आधी आणि नंतर पीएच मोजतो, ८.४ च्या वर दिसला की त्या दिवशीचं काम थांबवतो. आठवड्यानं पुन्हा तोच दगड बघा, एखाद-दुसरा बारीक कोंब निघतोच.

अगदी बारीक पिल्लांसाठी पेपरमिंट कोळंबी चांगली. ती रात्री बाहेर पडते, म्हणून सकाळी ‘काहीच काम करत नाही’ असं वाटतं; महिनाभर धीर धरा आणि माशांचं खाणं आवरतं ठेवा, नाहीतर आयतं मिळालेलं सोडून ती एप्टेशियाकडे कशाला जाईल? घेताना नीट पाहून घ्या. पाठीला कुबड आणि अंगावर ठळक पांढरे पट्टे असलेली कॅमल कोळंबी तिच्याच नावानं विकली जाते, आणि ती मशरूम, झोआ हे मऊ कोरल कुरतडते. कॉपरबँड मासाही एप्टेशिया खातो, पण तो बंद टाकीत पुष्कळदा अन्न न घेता उपाशी मरतो. एका किडीसाठी असा जीव आणू नये.

ब्रिसल वर्मबद्दल मला जरा जास्तच सांगायचं आहे. गुलाबी, केसाळ, गोमेसारखा हा किडा रात्री टॉर्चमध्ये दिसला की अंगावर काटा येतो. पहिल्या वर्षी मी दिसेल तो बाहेर काढला. एकदा मोज्याशिवाय धरला, केस बोटात रुतले, चिकटपट्टी लावून ओढून काढावे लागले. पुढे दगडांखाली उरलेलं खाणं सडायला लागलं आणि हिरवं केसाळ शेवाळ सगळीकडे पसरलं. ते खाणं संपवणारा सफाईवाला मीच मारला होता. रंकाळ्यात सांडपाणी गेलं की जलपर्णी फोफावते, तसंच हे. ब्रिसल वर्म फार वाढले असतील तर टाकीत खाणं जास्त पडतंय. खाणं कमी करा, किडे आपोआप घटतात.

हिरव्या चकचकीत मण्यांचं बबल शेवाळ असेल तर दगड बादलीत काढून घ्या, बादलीत टाकीचंच पाणी ठेवा आणि मणी बुडापासून उचकटा, फोडू नका. ते पाणी परत टाकीत ओतू नका. गंजाच्या रंगाचे, शेपटाला दोन-तीन टोकं असलेले चपटे किडे दिसले तर औषध टाकण्याआधी शक्य तितके बारीक नळीनं शोषून बाहेर काढा. एकदम खूप मेले तर त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं. विष शोषायला सक्रिय कोळसा आणि बदलायला खारं पाणी तयार ठेवूनच औषध द्या.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. किडीचा दगड उकळत्या पाण्यात टाकायचा मोह होतो, तो आवरा. झोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. ते अतिशय जहाल विष आहे, वाफेतून श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात. झोआ घासताना, कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. लहान मुलांना त्या वेळी खोलीत येऊ देऊ नका.

हे सगळं टाकीत येतं ते नव्या आणलेल्या कोरलच्या तुकड्याच्या बुडाला चिकटून. (कडक सांगाड्याचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून माझ्याकडे सॉफ्ट कोरलच आहेत.) आता मुंबईहून ट्रॅव्हल्सनं काहीही आलं की ते आधी वीस लिटरच्या वेगळ्या टबात जातं. हीटर, छोटा लाइट, लाइट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप. कोरल ज्याच्यावर चिकटवलेलं असतं तो खालचा जुना प्लग काढून टाकतो, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे कोरल डिप देतो, म्हणजे किडे मारणाऱ्या औषधात बुडवतो. डिपनं किडे मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अंतरानं तीनदा. चार आठवडे रोज रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभरानं लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन बघतो.

टाकी स्वच्छ झाली असं वाटलं तरी ओव्हरफ्लोचा, म्हणजे वरचं पाणी ओसंडून खाली जातं तो, डबा उघडून बघा. माझे शेवटचे चार एप्टेशिया तिथे अंधारात, पाईपच्या मागच्या बाजूला होते.